जिन्यात बसलेला संगीतकार

स्मरणिकेसाठी लेख द्या, विषय तुमच्या आवडीचा घ्या, असा संपादक मंडळाचा निरोप आला. बहुतेकांनी शाळेच्या आठवणीच लिहायला घेतल्या असतील. घंटेचा आवाज, मधल्या सुट्टीतली चिंचा-बोरं, गॅदरिंगच्या तालमी, पावसात गळणारा तो एक वर्ग, यांवर माझ्यापेक्षा फार चांगलं लिहिणारे आपल्यात आहेत. त्यामुळे ते काम त्यांच्यावर सोपवून मी एका रशियन माणसाची गोष्ट सांगणार आहे. त्याचा आपल्या शाळेशी, गावाशी काही संबंध नाही. पण संमेलनाची यादी करताना एक प्रश्न मला सारखा टोचत राहिला. आपल्या तुकडीत गाणारे, चित्रं काढणारे, हस्तलिखितात कविता देणारे किती जण होते! त्यातले आज गातात, काढतात, लिहितात असे किती उरले? वेळ मिळाला नाही हे कारण खरं आहेच. पण काही जणांच्या बाबतीत कारण एवढंच होतं की कुणीतरी, कधीतरी, चारचौघांत काहीतरी बोललं. या रशियन माणसालाही असंच कुणीतरी बोललं होतं. पुढे काय झालं, ते सांगते.

त्याचं नाव सर्गेई राखमानिनोव. १ एप्रिल १८७३ ला जुन्या रशियातल्या नोव्हगोरोद भागात, जमीनजुमला असलेल्या घरात तो जन्मला. वडिलांनी एकेक करत सगळी इस्टेट घालवली आणि कुटुंब सेंट पीटर्सबर्गला एका लहानशा घरात येऊन राहिलं. तिथे घटसर्पाने एक बहीण गेली. आईवडील वेगळे झाले. सर्गेईचं नाव तिथल्या संगीत विद्यालयात घातलं होतं, पण त्याचं अभ्यासात लक्ष नव्हतं. प्रगतिपुस्तकावरचे गुण खाडाखोड करून वाढवायचे आणि मग ते आईला दाखवायचं, ही कला मात्र त्याने आत्मसात केली होती. हे वाचल्यावर मला हा माणूस एकदम आपल्या वर्गातला वाटायला लागला. नावं घेत नाही, ज्याचं त्याने ओळखावं.

नापास होऊन विद्यालयातून बाहेर पडायची वेळ आली, तेव्हा एका मोठ्या आतेभावाने त्याला मॉस्कोला झ्वेरेव्ह नावाच्या शिक्षकांकडे पाठवलं. झ्वेरेव्ह निवडक मुलांना आपल्या घरी ठेवून घ्यायचे, त्यांच्या जेवणाखाणाचा खर्च स्वतः करायचे, त्यांना नाटकांना आणि मैफलींना न्यायचे. शिस्त मात्र लष्करी. सकाळी सहाला पियानोवर बसायचं म्हणजे बसायचं, आदल्या रात्री नाटकाहून कितीही उशिरा परतलेले असलात तरी. इथे सर्गेई घडला. त्या घरी चायकोव्हस्कीसारखा त्या काळचा सर्वांत मोठा रशियन संगीतकार येत असे. सर्गेईच्या एका परीक्षेला तो परीक्षक होता. पाचपैकी पाच गुण देऊनही त्याचं समाधान होईना, म्हणून त्याने त्या पाचाच्या चहूबाजूंना अधिकची चिन्हं काढली.

पुढे गुरुशिष्यांचं बिनसलं. सर्गेईला स्वतःच्या रचना करायच्या होत्या, त्यासाठी शांत खोली हवी होती. झ्वेरेव्हना ते आवडलं नाही. मुलगा घराबाहेर पडला आणि काही वर्षं दोघांत बोलणं नव्हतं. १८९२ मध्ये अंतिम परीक्षेसाठी त्याने अलेको नावाचं एकअंकी संगीतनाट्य अवघ्या काही दिवसांत लिहून काढलं आणि विद्यालयाचं मोठं सुवर्णपदक मिळवलं. त्या दिवशी झ्वेरेव्ह आपणहून पुढे आले आणि स्वतःचं सोन्याचं घड्याळ त्यांनी त्याला दिलं. ते घड्याळ राखमानिनोवने जन्मभर जपलं. आज समोर बसलेल्या आपल्या सर आणि बाईंनी हे आवर्जून वाचावं, कारण पुढे याच मुलाच्या आयुष्यात दुसऱ्या प्रकारची मोठी माणसं येणार आहेत.

एकोणिसाव्या वर्षी सुवर्णपदक. त्याच वर्षी पियानोसाठी लिहिलेली एक छोटी रचना जगभर वाजायला लागली. अलेको मॉस्कोच्या बोल्शोई नाट्यगृहात झालं, चायकोव्हस्कीने पाठ थोपटली. अशा मुलाने आता मोठं काहीतरी करायचं ठरवलं तर नवल नाही. १८९५ सालातले बरेच महिने खपून त्याने आपली पहिली सिंफनी लिहिली.

सिंफनी म्हणजे काय, हे माझ्यासारख्या नाट्यसंगीतावर आणि रेडिओवर वाढलेल्या बाईने सांगावं हा जरा अगोचरपणाच. तरी समजलं तेवढं सांगते. साठ-सत्तर वादकांनी मिळून वाजवायची ही मोठी रचना असते, बहुधा चार भागांची. प्रत्येक वाद्याचा प्रत्येक स्वर आधी कागदावर लिहिलेला असतो. आपल्याकडे मैफल पडायला लागली तर गवई दुसरा राग घेईल, एखादी ठुमरी गाईल, मैफल सावरून नेईल. तिथे लिहिणाऱ्याच्या हातात प्रयोगाच्या वेळी काहीच उरत नाही. वाजवणारे दुसरे, त्यांना चालवणारा संचालक तिसराच. लिहिणारा नुसता ऐकत बसतो. नाटक लिहिणाऱ्यांना हे दुःख चांगलं ठाऊक असतं.

२७ मार्च १८९७ ला सेंट पीटर्सबर्गमध्ये ही सिंफनी पहिल्यांदा वाजली. राखमानिनोवला चोवीस वर्षं पूर्ण व्हायला पाच दिवस बाकी होते. संचालक होता ग्लाझुनोव, हाही नावाजलेला संगीतकार. पण त्याला या रचनेत फारसा रस नव्हता आणि तालमी पुरेशा झाल्या नव्हत्या. तालमीच्या वेळीच रिम्स्की-कोर्साकोव्हसारख्या ज्येष्ठाने हे संगीत आपल्याला रुचत नसल्याचं सांगून टाकलं होतं. त्या रात्री ग्लाझुनोव प्यायलेला होता, असं राखमानिनोवच्या पत्नीने पुष्कळ वर्षांनी म्हटलं. त्याला पुरावा नाही. वादन मात्र वाईट झालं, यावर सगळ्यांचं एकमत आहे. लेखक स्वतः सभागृहात बसूही शकला नाही. गॅलरीकडे जाणाऱ्या वळणाच्या जिन्यात तो बसून राहिला आणि मधूनमधून कानांवर हात ठेवत राहिला.

खरा घाव दुसऱ्याच दिवसांत बसला. सेझार क्युई नावाचे बासष्ट वर्षांचे समीक्षक होते. ते स्वतः संगीतकार होते आणि पेशाने लष्करातले इंजिनियर, किल्ल्यांच्या तटबंदीतले तज्ज्ञ. त्यांनी वर्तमानपत्रात लिहिलं, त्याचा आशय असा, की नरकात जर एखादं संगीत विद्यालय असेल आणि तिथल्या हुशार विद्यार्थ्याला बायबलमध्ये वर्णिलेल्या इजिप्तवरच्या अरिष्टांवर सिंफनी लिहायला सांगितली, तर तो अशीच लिहील आणि नरकवासी खूश होतील. वाक्य चटकदार आहे यात शंका नाही. वाचणारे हसले असतील, चहाबरोबर एकमेकांना वाचून दाखवलं असेल. सव्वाशे वर्षं झाली, अजूनही राखमानिनोवचं चरित्र लिहिणारा हे सांगितल्याशिवाय पुढे जात नाही. पाहा, मीसुद्धा सांगितलंच.

पण एक गोष्ट फारसं कुणी सांगत नाही. त्याच सुमारास एका संगीतविषयक नियतकालिकात वेगळा अभिप्राय छापून आला होता. वादन नीट न झाल्यामुळे श्रोत्यांचा गैरसमज झाला, रचनेचं खरं मोल त्यांच्यापर्यंत पोचलं नाही, असं त्या लेखकाचं म्हणणं होतं. हा अभिप्राय जास्त न्यायाचा होता. पण त्यात नरक नव्हता, अरिष्टं नव्हती. त्यामुळे तो कुणाच्या लक्षात राहिला नाही, आणि ज्याच्यासाठी तो औषध ठरला असता त्यालाही त्याचा उपयोग झालेला दिसत नाही. चार चांगले शब्द विसरायचे आणि एक टोमणा जन्मभर पाठ ठेवायचा, ही आपल्या मनाची खोड रशियातही तशीच आहे.

राखमानिनोवची तेव्हाची पत्रं वाचली तर आणखी एक गुंता दिसतो. त्याने एका परिचिताला कळवलं की अपयशाचं किंवा टीकेचं आपल्याला काही वाटलेलं नाही. दुःख याचं आहे की पहिल्या तालमीपासून आपली रचना आपल्यालाच आवडली नाही. आणि त्याच पत्रात ग्लाझुनोवच्या संचालनाबद्दलही त्याने तक्रार केली आहे. म्हणजे दोष माझा, वाजवणाऱ्याचा की ऐकणाऱ्याचा, हेच त्याला ठरवता येईना. मला वाटतं, टीकेचा खरा जाच हा आहे. ती सपशेल खोटी असती तर झटकून टाकता आली असती, पूर्ण खरी असती तर मान्य करून सुधारता आली असती. ती थोडी खरी, थोडी खोटी असते, आणि कोणता भाग कोणता हे त्या क्षणी दुखावलेल्या माणसाला कळू शकत नाही. त्याने हस्तलिखित फाडलं नाही आणि छापायलाही दिलं नाही. ते नुसतं कुलूपबंद झालं.

पुढची जवळजवळ तीन वर्षं या माणसाच्या हातून नाव घेण्यासारखं काही लिहून झालं नाही. तो रिकामा बसला होता असं मात्र नाही, आणि मला ही गोष्ट महत्त्वाची वाटते. मामोंतोव्ह नावाच्या धनिकाच्या खासगी संगीतनाटक मंडळीत त्याने सहायक संचालकाची नोकरी धरली. पहिल्याच तालमीत फजिती झाली, कारण गायकांना कुठे सुरुवात करायची याची खूण संचालकाने द्यायची असते, हेच त्याला माहीत नव्हतं. तो दुसऱ्या संचालकाचं काम बघत बसला, शिकला, आणि काही दिवसांत उत्तम संचालन करू लागला. तिथेच त्याची शाल्यापिन या अफाट गायकाशी दोस्ती झाली. १८९९ मध्ये लंडनला जाऊन तो वाजवून आला, आणि तिथल्या लोकांनी पुढच्या खेपेला नवा पियानो कन्चेर्टो घेऊन ये म्हणून सांगितलं. कन्चेर्टो म्हणजे एक वाद्य आघाडीला आणि बाकीचा वाद्यवृंद त्याच्याशी संवाद करणारा, अशी रचना. हो म्हणून तो आला खरा, पण कागदावर काही उमटेना.

त्याची ही अवस्था पाहून ओळखीच्या लोकांनी एक उपाय काढला. लिओ टॉलस्टॉयसारख्या ऋषितुल्य लेखकाची भेट घडवावी, त्यांचे दोन शब्द ऐकून पोराला उभारी येईल. १९०० च्या हिवाळ्यात राखमानिनोव शाल्यापिनला घेऊन टॉलस्टॉयकडे गेला. शाल्यापिन गायला, याने साथ केली. ऐकणारे टाळ्या वाजवायला लागले, तेवढ्यात टॉलस्टॉयचा चेहरा पाहून सगळे गप्प झाले. थोड्या वेळाने म्हाताऱ्याने त्याला बाजूला घेऊन विचारलं, की असल्या संगीताची कुणाला गरज तरी आहे का? नंतर त्यांनी येऊन दिलगिरीही व्यक्त केली, दुखवायचा हेतू नव्हता म्हणाले. पण व्हायचं ते होऊन गेलं होतं. उभारी आणायला नेलेला माणूस आणखी खचून परतला. पुढे हा प्रसंग चेखोव्हच्या कानावर गेला. चेखोव्ह लेखक, तसाच डॉक्टर. त्याचं निदान असं, की त्या दिवशी टॉलस्टॉयचं पोट बिघडलेलं असणार. पोट बिघडलं की त्यांना काम सुचत नाही आणि मग ते काहीबाही बोलतात. कुणी आपल्या कामाला नावं ठेवली की मी हल्ली आधी चेखोव्हचं हे निदान आठवते. दर वेळी ते लागू पडतं असं नाही, पण तेवढ्यात पहिला कढ निघून जातो.

शेवटी घरच्यांनी त्याला डॉक्टर निकोलाय डाल यांच्याकडे पाठवलं. डाल मज्जाविकारांचे डॉक्टर होते, सूचना आणि संमोहन यांनी उपचार करायचे, आणि स्वतः हौशी वादकही होते. जानेवारी ते एप्रिल १९०० असे जवळजवळ रोज राखमानिनोव त्यांच्याकडे जात होता. डॉक्टर त्याला अर्धवट झोपेत ठेवून पुनःपुन्हा सांगत, की तू कन्चेर्टो लिहायला घेशील, काम सहज होईल, चांगलं होईल. नीट झोप, खाणंपिणं, मनाची उमेद यांकडेही लक्ष होतं, आणि संगीतावर गप्पा होत. नेमकं कशाने गुण आला यावर अभ्यासक अजून वाद घालतात. ज्याला गुण आला त्याचं मत मात्र स्पष्ट होतं. उन्हाळ्यात त्याने लिहायला घेतलं आणि त्याचा दुसरा पियानो कन्चेर्टो तयार झाला. तो त्याने डॉक्टर डाल यांना अर्पण केला. एवढ्या मोठ्या रचनेच्या पहिल्या पानावर मनाच्या डॉक्टरांचं नाव, तेही १९०१ साली. आपल्याकडे आजही अशा डॉक्टरांकडे जायचं म्हटलं की माणसं गल्लीच्या टोकाला रिक्षा सोडतात. त्याने जगजाहीर आभार मानले.

इथे थोडं माझ्याबद्दल सांगायला हवं, नाहीतर ही बाई एवढं रशियन पुराण का लावून बसली आहे असं तुम्हाला वाटेल. शाळा सोडल्यावर बँकेत नोकरी करता करता मी एकांकिका लिहायला लागले, हे काही जणांना माहीत आहे. एका स्पर्धेत बक्षीस समारंभाच्या वेळी परीक्षकांनी माझ्या एकांकिकेतली चार वाक्यं माइकवरून वाचून दाखवली, मुद्दाम नाटकी आवाज काढून. सभागृह हसलं. माझ्या शेजारी माझी मुलगी बसली होती, तीही आधी हसली आणि मग माझ्याकडे पाहून गप्प झाली. त्यानंतर चार वर्षं मी काही लिहिलं नाही. कुणी विचारलं की वेळ होत नाही म्हणायचे. बँकेच्या वाचनालयात राखमानिनोवचं चरित्र हाती लागलं ते याच काळात. त्याचं संगीत मी नंतर ऐकलं. आधी भेटला तो जिन्यात कानांवर हात ठेवून बसलेला मुलगा. तो बरा कसा झाला, हे शोधण्यासाठी मी ते पुस्तक एखाद्या रहस्यकथेसारखं वाचून काढलं.

मला वाटलं होतं, आता तो कन्चेर्टो गाजणार आणि याची भीती कायमची जाणार. तसं झालं नाही, आणि म्हणूनच मला तो माणूस खरा वाटला. कन्चेर्टोचे दुसरा आणि तिसरा हे भाग आधी लिहून झाले आणि डिसेंबर १९०० मध्ये मॉस्कोत वाजले. लोकांना ते अतिशय आवडले. मग पहिला भाग लिहिला. संपूर्ण रचनेचा पहिला प्रयोग ९ नोव्हेंबर १९०१ ला ठरला. पाच दिवस आधी मोरोझोव्ह नावाच्या संगीतज्ञ मित्राने पहिल्या भागाच्या रचनेत एक दोष दाखवला. पहिली सुरावट ही स्वतंत्र सुरावट वाटतच नाही, दुसरीची नुसती प्रस्तावना वाटते, असं त्याचं म्हणणं. राखमानिनोवच्या पोटात गोळा आला. मित्राचंच बरोबर, सगळा भाग फुकट गेला, असं त्याने उलट टपाली लिहिलं. म्हणजे तीन वर्षांचं दुखणं आणि चार महिन्यांचे उपचार झाल्यावरही एका पत्रासरशी माणूस पुन्हा जिन्यात जाऊन बसला! फरक एवढाच, की या वेळी पाच दिवसांनी तो उठून मंचावर गेला आणि स्वतः पियानोवर बसला. मित्राने ज्या भागाला नाव ठेवलं होतं, तो भाग जसाच्या तसा वाजवला. आज तो कन्चेर्टो जगातल्या सर्वांत लोकप्रिय रचनांपैकी एक आहे.

पुढचं आयुष्य थोडक्यात सांगते. १९०२ मध्ये आतेबहिणींच्या घरातल्या नताल्याशी लग्न झालं. बोल्शोईत संचालक म्हणून दोन वर्षं काढली. सिंफनी या शब्दाचीच भीती बसलेल्या या माणसाने दुसरी सिंफनी लिहिली आणि १९०८ मध्ये त्याच सेंट पीटर्सबर्गला जाऊन तिचं संचालन स्वतः केलं. ती लोकांनी डोक्यावर घेतली. १९१७ च्या क्रांतीनंतर डिसेंबरात, बायको आणि दोन मुलींना घेऊन, बर्फातून काही वाट घसरगाडीने कापत त्याने देश सोडला. पुन्हा तो रशियाला गेला नाही. घर, जमीन, कागदपत्रं तिथेच राहिली, आणि त्यांतच पहिल्या सिंफनीचं हस्तलिखितही गेलं.

अमेरिकेत पोट भरण्यासाठी चव्वेचाळीस-पंचेचाळीसाव्या वर्षी त्याने मैफली करणारा पियानोवादक म्हणून नव्याने सुरुवात केली आणि जगातला अव्वल वादक झाला. रचना मात्र आटल्या. उरलेल्या पंचवीस वर्षांत अवघ्या सहा. टीकेचं भय गेलं नव्हतंच. १९२७ मध्ये चौथ्या कन्चेर्टोवर समीक्षक तुटून पडले, तर त्याने त्याला पुनःपुन्हा कात्री लावली. १९३१ मध्ये एकाच सुरावटीचे वीस वेगवेगळे अवतार असलेली एक पियानोरचना त्याने केली. ती वाजवताना श्रोते खोकायला लागले की तो पुढचा अवतार गाळायचा. खोकला वाढला, आणखी एक गाळायचा. एका लहान गावात तर वीसपैकी दहाच वाजले. न्यूयॉर्कला अठरापर्यंत मजल गेली. हे सगळं त्याने मित्राला पत्रातून हसत हसत कळवलं आहे. जगातला सर्वांत मोठा पियानोवादक थंडीपडशाने खोकणाऱ्या लोकांकडून आपल्या रचनेची परीक्षा करून घेत होता! हे वाचून मी आधी खूप हसले आणि मग मला भरून आलं. कातडी जाड करा, मनावर घेऊ नका, असा सल्ला आपल्याला सगळे देतात. त्याची कातडी सत्तर वर्षांत जाड झाली नाही. कातडी पातळ होती म्हणूनच तसे सूर त्याला सुचले असतील. ती पातळ ठेवूनच तो काम करत राहिला.

आता शेवटची हकिकत, जिच्यासाठी हा लेख लिहायला घेतला. १९४० मध्ये, सदुसष्टाव्या वर्षी, त्याने आपली शेवटची रचना लिहिली. सिंफनिक डान्सेस तिचं नाव. तिच्या पहिल्या भागाच्या शेवटी, सगळा गलबला थांबल्यावर, तंतुवाद्यांवर एक शांत, उजळ सुरावट येते. ती त्या फसलेल्या पहिल्या सिंफनीतली मुख्य सुरावट आहे. तिथे ती करडी आणि धमकावणारी होती. इथे ती समजूत पटलेल्या माणसासारखी येते. १९४१ मध्ये फिलाडेल्फियात ही रचना वाजली तेव्हा ऐकणाऱ्यांपैकी कुणाला ती ओळखता येणं शक्यच नव्हतं, कारण पहिली सिंफनी छापलेली नव्हती, पुन्हा वाजलेली नव्हती, तिचं हस्तलिखित हरवलेलं होतं. तो कुणाला काही पटवून देत नव्हता. त्रेचाळीस वर्षं कुलुपात ठेवलेल्या मुलीला त्याने फक्त हाताला धरून बाहेर आणलं.

२८ मार्च १९४३ ला कॅलिफोर्नियात तो वारला. त्यानंतर लेनिनग्राड, म्हणजे पूर्वीचं सेंट पीटर्सबर्ग, तिथल्या संगीत विद्यालयाच्या ग्रंथालयात १८९७ च्या त्या प्रयोगात वादकांसमोर ठेवलेले वेगवेगळे कागद सापडले. ते जुळवून सबंध सिंफनी पुन्हा उभी केली आणि १७ ऑक्टोबर १९४५ ला ती मॉस्कोत वाजली. लोकांना ती आवडली. आज जगभर वाजते. क्युईंनीही संगीतनाटकं लिहिली होती, त्यांच्यावरही टीका झाली होती. आज त्यांचं नाव सामान्य श्रोत्याला माहीत आहे ते मुख्यतः त्या एका टोमण्यामुळे. आणि समीक्षक सुधारले म्हणावं तर तसंही नाही. १९५४ च्या ग्रोव्ह या इंग्रजी संगीतकोशाने राखमानिनोवची लोकप्रियता टिकण्यासारखी नाही, असं भाकीत छापलं होतं. त्यालाही आता सत्तर वर्षं होऊन गेली.

या चरित्रातून मी माझ्यापुरतं काय घेतलं, ते सांगते. दुखलं तर दुखलं म्हणायचं, कारण त्यालाही दुखलं होतं. लिहिता येत नसेल तेव्हा शेजारचं दुसरं काम शिकायचं. एकट्याने झेपत नसेल तर ज्याला त्यातलं कळतं अशा माणसाकडे जायचं आणि त्याचं नाव लपवायचं नाही. टीका खरी की खोटी याचा निवाडा त्याच आठवड्यात करायचा नाही. आणि फसलेलं काम फाडायचं नाही. मी पुन्हा एकांकिका लिहायला लागले त्याला आता बरीच वर्षं झाली. निकालाच्या वेळी अजूनही मी दाराजवळची खुर्ची पकडते. माइकवरून वाचलेली ती चार वाक्यं वहीत तशीच आहेत. त्यांतली दोन खरंच वाईट आहेत. दोन चांगली आहेत, असं आता मला ठामपणे वाटतं.

सर आणि बाई, तुम्ही आमच्या वह्यांवर लाल शाईने जे लिहिलंत त्यातलं बरंचसं आम्हाला अजून पाठ आहे, बरं आणि कडूही. त्यातल्या कित्येक शेऱ्यांनी आम्हाला हात धरून पुढे नेलं. आता आपल्यातले बरेच जण कुणाचे तरी आजी-आजोबा, वरिष्ठ किंवा परीक्षक झाले आहेत. नातवंडं चित्र घेऊन समोर येतात तेव्हा आपलं पोट ठीक आहे ना, एवढं पाहून मग बोलावं.

आणि मित्रमैत्रिणींनो, दुसऱ्या दिवशी संध्याकाळी आपला करमणुकीचा कार्यक्रम आहे. यादी पाहिली. ज्यांची नावं त्यात हवी होती, त्यांतली चार-पाच नाहीत. हार्मोनियम आणि तबला आणलेला आहे, फळा आणि रंगीत खडूही आहेत. यादी बंद झालेली नाही. ज्याला जिन्यात बसावंसं वाटेल त्याने खुशाल बसावं, मीही तिथेच असेन. नाव पुकारलं की मात्र दोघांनी उठायचं.